सफरचंदाचा हिवाळा

माणसाला एखादा छंद असावा म्हणतात. असावा, पण त्या छंदाला बर्फ लागत असेल, तर तो वसईत करू नये!

गोखिवऱ्याच्या आमच्या परसात चिकू, अबोली आणि अळू सुखाने नांदत होती. तुंगारेश्वराच्या डोंगरावरून येणारा वारा त्यांना पुरत होता. पण एका जानेवारीत मी शिमल्याकडे गेलो आणि कोटगडच्या सफरचंदांनी मला झपाटले. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी तिथे १९१६ साली ‘रेड डिलिशस’ची झाडे लावली. पुढे ते हिंदू होऊन सत्यानंद झाले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. त्यांच्या जुन्या वाणाचे, बर्फाला न भिणारे एक कलम मी ओल्या शेवाळात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखे मांडीवर घेऊन घरी आणले.

आता लावायचे कुठे? आजूबाजूला इमारती उठल्यामुळे परसात पुरते ऊन एकाच कोपऱ्यात येई. आणि तिथे आईचे राजेळीचे बेट होते. आईचे माहेर आगाशीचे. लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाहून येताना तिने तो मुनवा आणला होता. त्याच केळ्यांची ती सुकेळी करी. सोलून उन्हात सुकवून, वाळल्या पानात बांधून ठेवी.

“आई, केळी काय, बाजारात ढीगभर मिळतात,” मी म्हणालो.

“तुझं घर आहे, बाबा,” एवढेच बोलून ती आत गेली. मी ते बेट मुळासकट खणून काढले.

कलम जगले, वाढलेही. पण चार हिवाळे गेले, फुलाचा पत्ता नाही. मग पुस्तके धुंडाळली. सफरचंदाचे डोळे म्हणे थंडीचा हिशेब ठेवतात. सात अंशांखालचे सुमारे हजार तास मोजून झाल्याखेरीज या वाणाची झोप नीट पुरी होत नाही. आमच्याकडे पारा पंधरा-सोळावर आला की आम्ही मफलर शोधतो! जावा बेटावरच्या डोंगराळ भागात झाडाची पाने हातांनी ओरबाडून त्याला हिवाळ्याची हूल देतात, असे वाचले. मीही डिसेंबरात पाने ओरबाडली, पाणी तोडले, बुंध्याशी बर्फसुद्धा ठेवला.

“अहो, जोडीला थोडं सरबतही ठेवा!” आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

झाडाने शेंड्याला चार पाने काढली. बस्स.

भाचा म्हणाला, “मामा, बिलासपूरच्या हरिमन शर्मांचं कमी थंडीत फळणारं सफरचंद लावा ना. त्यांना २०२५ साली पद्मश्रीही मिळाली.” सल्ला शहाणपणाचा होता, पण मला हवा होता जुना वाण. त्याला समजावू लागलो, “अरे, कलम म्हणजे नवं झाड नव्हेच. त्या पहिल्या झाडाचीच फांदी दुसऱ्या मुळांवर जगत असते. एवढा वारसा कोण सोडील?”

बोलता बोलता मीच थबकलो. मुनवा तरी दुसरे काय असतो? केळ एकदाच व्यते आणि मरते. मुनव्यांतून तीच पुढे चालते. आगाशीच्या परसातली, आईच्या आईच्या हातची केळ माझ्या अंगणापर्यंत चालत आली होती. आणि मी तिला कुदळीने थांबवले होते. झाडाचे हजार तास मोजणाऱ्या मला, त्या दिवसापासून आई परसदारी बसेनाशी झाली आहे हे मोजता आले नव्हते.

आईने कधीकाळी एक मुनवा पलीकडच्या आळीतल्या काकूंना दिला होता. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी ओशाळत त्यांच्याकडे गेलो. काही न विचारता त्यांनी कोयता आणि पहार पुढे केली.

सफरचंद उपटले नाही. पाहुण्याला कसे घालवावे? त्याच्या दोन हात पलीकडे, उन्हात, खड्डा घेतला. मुनवा लावून हात धुतो तोच मागे काठी वाजली. आई किती महिन्यांनी परसात आली होती.

तिने मुनव्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“शेणखत घातलंस का?”

“नाही.”

“मग घाल की,” ती म्हणाली, आणि पायरीवर बसली.