वडील काय करतात?

आमच्या घरात मुलाखतीचा तज्ज्ञ म्हणजे मी. माझा अनुभव उभ्या जन्मात एकाच मुलाखतीचा आहे. पण ती मी पास झालो होतो. पदरात शंभर टक्के यश असलेला माणूस उपदेश करायला, निदान पुण्यात तरी, कचरत नाही.

गेल्या श्रावणात माझ्या नातीला भोपाळचं बोलावणं आलं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता निवड मंडळापुढं जायचं होतं. प्रबोधिनी १९५५ साली खडकवासल्याला आली. तिथल्या सुदान ब्लॉकचा घुमट मी जन्मभर लांबूनच पाहिला. मुलींना मात्र ते दार उघडायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ सालचा आदेश लागला. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये सतराजणी शिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. त्या बातमीचं कात्रण आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे.

मी लगेच शिकवणी सुरू केली. "दारातून विचारून आत जायचं. बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही. उत्तरं आधीच पाठ करून ठेवायची."

"आजोबा, ही मुलाखत पाच दिवस चालते," नात म्हणाली.

मी गारच पडलो. माझी सात मिनिटांत आटोपली होती!

मग तिनंच मला शिकवलं. पहिल्याच दिवशी चाळणी लागते. बरीच मुलं तिथूनच घरी परततात. उरलेल्यांना पंधरा-पंधरा सेकंदांना एक असे साठ शब्द दाखवतात. शब्द पाहून मनात येईल ते वाक्य लिहायचं. चित्रं पाहून गोष्टी लिहायच्या; त्यातलं शेवटचं चित्र म्हणजे नुसता कोरा पडदा! मग मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपं घेऊन सगळ्यांनी मिळून अडथळे ओलांडायचे. "पाठ केलेलं तिथं टिकत नाही, आजोबा. कागदावर, मैदानावर आणि साहेबांपुढं माणूस एकच आहे ना, एवढंच ते बघतात."

तरीही माझ्या समाधानासाठी ती एके संध्याकाळी माझ्यापुढं खुर्चीत बसली. मी चष्मा नाकावर ओढून साहेब झालो. घरच्या मंडळींची चौकशी करता करता तिनंच मध्ये विचारलं, "पणजोबा काय करायचे हो? कुणी विचारलं तर?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

१९६७ साली मी सतरा वर्षांचा होतो. मॅट्रिक झालो होतो, टायपिंग येत होतं. दादांनी वाड्यातल्या एका बिऱ्हाडाकडून माझ्यासाठी कोट उसना आणला आणि ते स्वतः माझ्याबरोबर कचेरीत आले. दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकावर ते बसले होते. साहेबांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "खासगी व्यवसाय."

दादा आचारी होते. लग्नामुंजीत पाचशे पानांचा स्वयंपाक करणारे.

नोकरी लागली. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "कोट आजच परत देऊन ये." पुढं बावीस वर्षं ते होते, त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

हे सगळं मी नातीला सांगितलं. साहेबाची खुर्ची तोवर कधीच सुटली होती. ती काही बोलली नाही. पाण्याचा पेला तेवढा माझ्यापुढं सरकवला.

झेलम एक्सप्रेसनं ती भोपाळला गेली. चाळणीतून पार पडली, पाचही दिवस राहिली. पण शेवटच्या यादीत तिचा नंबर नव्हता. स्टेशनवर मी तिला धीर द्यायला शब्द जुळवून गेलो होतो, त्यांची गरज पडली नाही. वय साडेएकोणीसच्या आत आहे, परीक्षा वर्षातून दोनदा होते, तेव्हा पुन्हा बसणार, म्हणाली.

रिक्षात बसल्यावर मग तिनं सांगितलं, "आजोबा, घरच्यांविषयी विचारलं त्यांनी. मी सांगितलं, माझे पणजोबा आचारी होते. मग पाचशे माणसांचा अंदाज ते कसा बांधत, माणसं कशी कामाला लावत, हेच कितीतरी वेळ विचारत होते. तुम्ही सांगितलं होतं तेवढं सगळं सांगितलं मी."

मी रिक्षाबाहेर पाहत राहिलो. बाकावर बसलेल्या दादांना अठ्ठावन्न वर्षांनी कुणीतरी आत बोलावलं होतं.