घाटमाथ्यावरचा पिवळा दिवा

महाबळेश्वराचे वर्णन वाचले नाही असा मराठी वाचक विरळा. तेथील कडे, धुके, मध आणि स्ट्रॉबेरी ह्यांवर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु गेल्या मार्गशीर्षात ह्या स्थळी आमचा एक दिवसाचा सक्तीचा मुक्काम घडला, आणि त्यात जे पाहिले व जे शिकलो ते घरोघरच्या प्रवासी मंडळींस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या वडिलांचे वर्षश्राद्ध सावित्रीच्या खोऱ्यातील मूळ घरी व्हावे अशी आईची इच्छा होती. पुण्याहून निघून एक रात्र महाबळेश्वरी विसावा घ्यावा आणि सकाळी आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरावे असा बेत ठरला. आई, आमचे वडीलबंधू दादा, वहिनी, आम्ही उभयता आणि दोन मुले अशी सात माणसे, आणि वडिलांनीच हौसेने घेतलेली गाडी. श्राद्धाची तिथी दुसऱ्या दिवशीची होती व गुरुजींस सकाळी आठची वेळ दिलेली होती.

पहाटे चांगलीच थंडी होती. दादांनी किल्ली फिरवली. समोरच्या फलकावरील सर्व दिवे नेहमीप्रमाणे लागले, पण इंजिनातून नुसता ‘टक् टक्’ असा आवाज आला आणि दिवे मंदावले. दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदाही तेच झाले. शेजारी उभ्या असलेल्या जीपचा चालक मदतीस धावून आला. त्याने तारांची जोडी काढली व ती जोडताना क्रम समजावून सांगितला, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. तांबडी तार आधी आपल्या बॅटरीच्या धन टोकास, मग त्याच्या बॅटरीच्या धन टोकास; काळी तार त्याच्या ऋण टोकास; आणि तिचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीस न लावता इंजिनाच्या उघड्या धातूस. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. शेवटची ठिणगी त्याच्यापासून दूर पडावी हा त्यातील हेतू.

गाडी सुरू झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. परंतु फलकावरील इतर दिवे विझले तरी इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा मात्र विझेना.

ह्या दिव्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. किल्ली फिरवताच तो लागतो तो केवळ परीक्षेपुरता. इंजिन सुरू झाल्यावर त्याने विझले पाहिजे. तो लागूनच राहिला तर गाडीतील यंत्रगणकाने काही दोष टिपून ठेवला आहे असे समजावे. त्याचा जन्म मोटारीच्या काळजीतून नव्हे, तर हवेच्या काळजीतून झाला. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर १९४३ च्या उन्हाळ्यात डोळ्यांस झोंबणाऱ्या धुरकटाने भरून गेले. पुढे हागेन-स्मित नामक डच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की हे धुरके मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते. तेव्हापासून धुरावर नियम आले, आणि धूर वाढविणारा बिघाड गाडीने स्वतःच ओळखून सांगावा अशी सक्ती प्रथम कॅलिफोर्नियात व १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत नव्या मोटारींस झाली. आपल्याकडे ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली.

दिवा स्थिर पिवळा असेल तर सावकाश, ओझे न देता, जवळच्या जाणकाराकडे जावे. तो लुकलुकत असेल तर इंजिनात इंधन नीट जळत नाही व धूर शुद्ध करणारा भाग तापून निकामी होण्याचा संभव आहे. तेव्हा थांबावे हेच बरे. आणि तेलाचा किंवा उष्णतेचा तांबडा दिवा लागला तर एक फर्लांगही पुढे न जाता इंजिन बंद करावे. आमचा दिवा पिवळा व स्थिर होता. दादा म्हणाले, “गाडी चालते आहे. दिव्याचे पुढे महाडास पाहू.” आई काहीच बोलली नाही, परंतु वहिनींनी बाजारात आधी कोणास तरी दाखवा असा आग्रह धरला.

बाजारपेठेच्या टोकास एका मिस्त्रींचे लहानसे दुकान होते. त्यांनी सुकाणूच्या खाली असलेल्या सोळा छिद्रांच्या खोबणीत हातातले यंत्र जोडले, आलेला कोड कागदावर उतरवून घेतला व म्हणाले, “विजेचा दाब कमी पडल्याची नोंद आहे.” मग त्यांनी बॅटरी उघडी केली. टोकांवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पुटे चढली होती व एक पकड सैल होती. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून त्यांनी ती स्वच्छ केली आणि मोजमाप घेतले. भरलेल्या बॅटरीचा दाब साडेबारा व्होल्टांच्या वर असावयाचा, तो बाराच्याही खाली होता. इंजिन चालू असता मात्र चौदा व्होल्ट मिळत होते. म्हणजे वीज निर्माण करणारे यंत्र ठीक होते. बॅटरीचेच आयुष्य संपले होते.

“मग तुमच्या यंत्राने तो दिवा विझवून टाका,” दादा म्हणाले, “इंजिन बंदच करणार नाही. दोन तासांत खाली पोहोचू.”

मिस्त्री नम्रपणे म्हणाले, “साहेब, दिवा विझवायला मला एक मिनिट लागेल. पण दिव्याबरोबर नोंदही पुसली जाते, दोष तसाच राहतो. पोहोचालही कदाचित. पण वळणावर गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू होणार नाही. इंजिन बंद पडले की ब्रेक जड होतो, सुकाणूही जड होते. खाली आंबेनळी आहे. नवी बॅटरी वाईहून मागवतो, तीनपर्यंत येईल.”

आंबेनळीचे नाव निघताच सर्वजण स्तब्ध झालो. २०१८ च्या जुलैत ह्याच घाटात सहलीस निघालेल्या मंडळींची बस दरीत कोसळली होती, ती बातमी कोणीही विसरले नव्हते. तरी दादांच्या मनातून तिथी हलेना. तीनला बॅटरी आली नाही तर काय, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. दोन्ही बाजूंस काही ना काही गमवावे लागणार होते.

इतक्यात वहिनी गाडीचे कागद शोधत होत्या, त्यांच्या हातास खणातील एक छोटी वही लागली. ती वडिलांची होती. वर्षभरात ती कोणी उघडली नव्हती. तेल केव्हा बदलले, चाके केव्हा फिरवली, हे सारे त्यांच्या सुबक मोडणीच्या अक्षरात लिहिलेले. शेवटून दुसऱ्या पानावर पाच वर्षांपूर्वीची तारीख व पुढे एवढेच होते: ‘बॅटरी नवी. चार वर्षांनी बदलणे.’

दादांनी ते वाचले व वही आईच्या हाती दिली. आईने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, “त्यांनी सांगून ठेवले होते, आपणच पाहिले नाही. उशीर झालाच तर गुरुजींस दूरध्वनी करू. ज्यांचे श्राद्ध करावयाचे, त्यांचेच म्हणणे मोडून कसे जावयाचे?” दादा काही न बोलता मिस्त्रींकडे वळले आणि बॅटरी मागविण्यास सांगितले.

मधला वेळ आम्ही क्षेत्र महाबळेश्वरी घालविला. सकाळी मदत करणाऱ्या त्याच जीपवाल्याने आम्हांस तेथे नेले. बाजाराची पेठ १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर माल्कम ह्यांच्या काळात वसली. क्षेत्र मात्र त्याहून कितीतरी जुने. पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री ह्या पाच नद्यांचे उगम मानले जातात आणि त्यांचे एकत्र पाणी दगडी गोमुखातून कुंडात पडते. त्यांतील वेण्णा माहुलीस व कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते, आणि कृष्णा सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास जाते. सावित्री मात्र पश्चिमेकडे वळून पोलादपूर, महाड करीत अरबी समुद्र गाठते. आईने ओंजळीत पाणी घेतले व मुलांस म्हणाली, “हे पाणी आपल्या आधी घरी पोहोचणार बरे.” त्या दिवसात ती प्रथमच हसली.

बॅटरी साडेतीनला आली. ती बसवून, पकडी घट्ट करून, मग मिस्त्रींनी नोंद पुसली. किल्ली फिरवताच इंजिन एका दमात सुरू झाले आणि पिवळा दिवा क्षणभर लागून विझला. “दोष राहिला असेल तर तो आपणहून परत लागेल,” मिस्त्री म्हणाले. दादांनी वही मागून घेतली, वडिलांच्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख घातली व तीच ओळ पुन्हा लिहिली.

प्रतापगडाजवळून आम्ही सावकाश उतरलो. सूर्य मावळता मावळता पोलादपूर आले. दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तिथीस, ठरल्या वेळी, सावित्रीच्या पाण्याने श्राद्ध झाले. वही आता गाडीच्या खणात नसते. ती घरी पंचांगाशेजारी असते आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उघडली जाते.