अब्बांचा अबोला

दुबईहून आपा दर जुम्म्याला अब्बांना मेल पाठवते. तीन महिने उत्तर नव्हतं. ‘अब्बा नाराज आहेत का रे?’ तिनं मला विचारलं. मी गावी गेलो, तर अब्बा हळूच म्हणाले, ‘बेटा, अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. कुणाला सांगायचं?’

क्रोममध्ये त्यांचं जीमेल उघडलं. कंट्रोल दाबून धरून अधिकचं बटण तीनदा दाबलं: 110, 125, 150 टक्के. कंट्रोलसोबत शून्य दाबलं की पुन्हा 100. हा बदल फक्त आपल्या पडद्यापुरता. आपाला जाणारी अक्षरं नेहमीचीच राहतात.

अब्बांनी सगळे मेल वाचले आणि लिहिलं, ‘खैरियत आहे.’

रुसवा नव्हताच. फोनवर रोज सलाम-दुवा करणाऱ्या मीही कधी विचारलं नव्हतं, ‘अब्बा, नीट दिसतं ना?’