मुरलीपुरा ते खार : चाळीस तिकिटांची गोष्ट

तुमच्या घरात असं कोणी आहे का, जे कानात हेडफोन घालून जोरजोरात मान हलवत बसतं आणि आई स्वयंपाकघरातून विचारते, "हे गाणं आहे की भांडण?" आमच्या घरात ती मी. आणि यंदा ते 'भांडण' समोर बसून, म्हणजे खरं तर उभं राहून ऐकायला मी जयपूरहून मुंबईला जाऊन आले. बँड अगदी छोटा, हॉल त्याहून छोटा. घरच्यांना हे समजावताना माझी जी तारांबळ उडाली, ती तुम्हालाही सांगावीशी वाटली.

आधी आमचा पत्ता. जयपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हवामहल येतो, पण आम्ही राहतो मुरलीपुऱ्यात. शहराच्या वायव्येला, सीकर रोडला लागून. एका बाजूला विद्याधर नगर, पुढे विश्वकर्मा औद्योगिक वसाहत. बाबांचा कारखाना तिथेच. गुलाबी भिंती इथे नाहीत. आहेत त्या कोचिंगच्या पाट्या, कचोरीची दुकानं आणि लग्नसराईत रात्रभर वाजणारी मॅरेज गार्डन्स. मी घरी बसून ऑनलाइन दुकानांसाठी जयपुरी रजयांची वर्णनं लिहिते. 'पिसासारखी हलकी, आईच्या मायेसारखी ऊबदार' हे वाक्य तुम्ही कुठे वाचलं असेल, तर ते माझं असू शकतं. माफ करा.

आता ही आवड लागली कशी? डोंबिवलीच्या मामाकडे, मे महिन्याच्या सुट्टीत. मी सातवी-आठवीत असेन. माझा मामेभाऊ, आमचा दादा, तेव्हा इंजिनीअरिंगला होता आणि त्याच्याकडे एक लाल इलेक्ट्रिक गिटार होती. त्याने मला एक पेन ड्राइव्ह भरून दिला. त्यात ग्रीन डे होता, ब्लिंक-१८२ होता आणि मुंबईचाच एक तिघांचा बँड होता, द लाइटइयर्स एक्स्प्लोड. २०१३ साली त्यांचा अल्बम आला होता, 'द रिव्हेंज ऑफ कालिचरण'. कालिचरण हे नाव इंग्रजी रॉकच्या अल्बमवर! मला तेवढ्यावरूनच कळलं की ही गाणी फक्त अमेरिकेतल्या मुलांची नाहीत.

पॉप-पंक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. पंक जन्मला सत्तरच्या दशकात. न्यूयॉर्कच्या रॅमोन्स बँडचा १९७६चा पहिला अल्बम घ्या, चौदा गाणी आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. गिटारचे तीन-चार कॉर्ड, भरधाव ड्रम आणि लांबण नाही. या धांदलीत गुणगुणता येईल अशी चाल घातली की पॉप-पंक तयार. विषय म्हणाल तर आपलेच, शाळेत कंटाळा येणं, गाव सोडून जावंसं वाटणं, मैत्री तुटणं. फारसं न शिकताही वाजवता येतं, म्हणून हे संगीत नेहमी छोट्या जागांत वाढलं. रॅमोन्स घडले ते सीबीजीबी नावाच्या एका अरुंद बारमध्ये. ग्रीन डे घडला कॅलिफोर्नियात बर्कलीच्या '९२४ गिलमन स्ट्रीट' या जागेत. ती १९८६च्या शेवटच्या रात्री सुरू झाली. स्वयंसेवक चालवतात, दारू मिळत नाही आणि कुठल्याही वयाच्या मुलांना आत प्रवेश. ग्रीन डेने मोठ्या कंपनीशी करार केला, तेव्हा नियमाप्रमाणे त्याच जागेने त्यांना वाजवायला बंदी केली. मग १९९४ला 'डूकी' आला आणि ते जगभर गाजले. गिलमनवर ते पुन्हा वाजवायला उभे राहिले थेट २०१५ साली. घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट वाटते ना?

तर हाच ग्रीन डे २०२५च्या मार्चमध्ये मुंबईत आला. महालक्ष्मी रेसकोर्सवर, लोलापलूझा महोत्सवात. मी गेले नाही. तिकीट, प्रवास, राहणं, सगळं धरून माझ्या एका महिन्याच्या कमाईएवढा खर्च होता. त्या संध्याकाळी मी सीकर रोडवर बाबांबरोबर एका भंडाऱ्यात लिंबूपाणी वाटत होते. फाल्गुन मेळा होता, खाटूश्यामजीचा. जयपूरहून खाटू सुमारे ऐंशी किलोमीटर, आणि त्या दिवसांत हातात निशाण घेतलेले पदयात्री आमच्या रस्त्यावरून रात्रंदिवस जात असतात. मागे गाडीवर डीजे, पायांना पट्ट्या, तोंडावर हसू. माझ्या फोनवर मुंबईतल्या मैत्रिणींचे व्हिडिओ येत होते. बाबांनी माझा चेहरा पाहिला असावा. एका म्हाताऱ्या बाईंच्या पेल्यात पाणी ओतता ओतता ते म्हणाले, "एवढं वाटत होतं तर सांगायचंस. या बघ, चालत निघाल्यात."

ते वाक्य मी जपून ठेवलं आणि जुलैमध्ये बाहेर काढलं.

जुलैमध्ये मला आवडणाऱ्या मुंबईच्या एका बँडने इन्स्टाग्रामवर लिहिलं, की खारला एक छोटा कार्यक्रम करायचा आहे, हॉलचं भाडं ठरलेलं आहे, चाळीस तिकिटं गेली नाहीत तर रद्द करावा लागेल. आणि पुढे, कदाचित हा शेवटचा. बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. चौघेही दिवसा नोकऱ्या करतात आणि त्यांच्या साहेबांना हे सगळं माहीत असेलच असं नाही. पण मी त्यांची गाणी तीन वर्षं रोज ऐकत होते. रजयांवरचं निम्मं लिखाण त्यांच्याच तालावर झालंय. त्यांच्या एका गाण्याला यूट्यूबवर जेमतेम दोन हजार व्ह्यूज आहेत, त्यातले शंभरेक माझेच असतील.

ग्रीन डेला माझी गरज नव्हती. इथे मात्र आकडा पस्तीसवर अडकला होता. पाचशे रुपयांचं एक तिकीट. मी दोन काढली, एक माझं आणि एक दादाचं, त्याला न विचारता. सदतीस. मग कार्यक्रम होणार की नाही हे कळायच्या आधीच रेल्वेचंही आरक्षण केलं. आई म्हणाली, "आणि रद्द झालं तर?" मी म्हटलं, "तर दादाला राखी बांधून येईन." राखीपौर्णिमा एक आठवड्यावर होती, सबब पक्की होती. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त घेवरचा डबा आणून ठेवला, मामाकडे न्यायला.

जयपूर–मुंबई सुपरफास्ट दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई सेंट्रलला पोचते. कोट्यापर्यंत अजून उजेड असतो, रतलामला रात्र झालेली असते आणि जाग येते तेव्हा खिडकीबाहेर सगळं ओलं, हिरवंगार असतं. राजस्थानात राहणाऱ्या माणसाला ऑगस्टचा तो हिरवा रंग डोळ्यांना जरा जास्तच वाटतो. त्या रात्री साडेदहाला बँडचा संदेश आला, बेचाळीस झाली, भेटूया. मी वरच्या बर्थवर एकटीच हसले. खालच्या काकांनी विचारलं, "नोकरी लागली का?"

डोंबिवलीत मामाने घेवर खात माझी फिरकी घेतली. मामा किशोरीताई आमोणकरांचा निस्सीम भक्त. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरच्या दरबारात आले आणि जयपूर घराण्याचं गाणं महाराष्ट्रात रुजलं. केसरबाई, मोगूबाई आणि पुढे मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई. "आम्ही जयपूरचं गाणं मुंबईत बसून ऐकलं," मामा म्हणाला, "आणि तू जयपूरहून मुंबईला येतेस हे ढणढण ऐकायला!" पण कार्यक्रमाला बेचाळीस माणसं आहेत म्हटल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "बैठकीला तेवढीच असावीत."

दादा मात्र तयार नव्हता. तो आता चौतीस वर्षांचा आहे. घराचा हप्ता, दोन वर्षांची मुलगी, रोजची लोकल. "मी शोभेन का तिथे? तू जा, रात्री घ्यायला येतो." लाल गिटार कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, विकली. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाली, "तिकीट काढलंय तिने. जा की."

हॉल म्हणजे खार स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या एका इमारतीचं तळघर. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगच्या खोलीपेक्षा थोडं मोठं. भिंतींना काळा स्पंज, स्टेज वीतभर उंच. मुंबईत रॉक पूर्वी उघड्यावर व्हायचा, धोबीतलावच्या रंगभवनात. १९८६पासून चाललेल्या इंडिपेंडन्स रॉकच्या कितीतरी रात्री तिथे झाल्या. शेजारी कॉलेज, जवळ रुग्णालय. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत अशा ठिकाणांभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातला तो आवाज थांबला. मामा म्हणतो रुग्णांसाठी बरंच झालं, आणि ते खरंही आहे. पण तेव्हापासून ही मुलं स्पंज लावलेल्या बंद खोल्यांत वाजवतायत.

आत गेले तर कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर साडी नेसलेल्या एक काकू, कानांत कापूस, मांडीवर कापडी पिशवी. मला वाटलं चुकून आल्या. त्यांनीच विचारलं, "तू कोणाची गं?"

"कोणाची नाही काकू, ऐकायला आलेय. जयपूरहून."

"जयपूरहून? यांचं ऐकायला?" त्यांनी ड्रमसेटकडे हात केला. "तो माझा. एकोणीस वर्षं शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यात मी." मग पिशवीतून कापूस काढून माझ्या हातावर ठेवला. तुम्ही कधी अशा कार्यक्रमाला गेलात तर हे लक्षात ठेवा, कापूस नाही तर इअरप्लग न्या आणि स्पीकरच्या अगदी पुढे उभं राहू नका. घरी परतल्यावर दोन दिवस कानात शिट्टी वाजत राहते, ती गंमत नव्हे.

कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला, कारण एक गिटारची केबल सारखी खरखरत होती. प्रेक्षकांतल्या एकाने स्वतःच्या बॅगेतून दुसरी काढून दिली. मग ड्रमच्या काड्या चारदा आपटल्या आणि पहिलं गाणं सुरू झालं, ते छातीतच. मोबाइलवर तीन वर्षं ऐकलेलं गाणं खोलीत इतकं मोठं असतं, याची मला कल्पना नव्हती. गायकाचा सूर एकदा चुकला, तो हसला, आम्ही हसलो. पुढची दहा-बारा जणं एकमेकांना धक्के देत उड्या मारायला लागली. बघणाऱ्याला मारामारी वाटेल, पण एका मुलीचा चष्मा पडला तेव्हा सगळे क्षणात थांबले, टॉर्च लावले, चष्मा शोधून दिला आणि पुन्हा सुरू. गाणी दोन-अडीच मिनिटांची, त्यामुळे एक आवडलं म्हणेपर्यंत पुढचं. मागून कोणीतरी अस्सल नाट्यसंगीताच्या थाटात "वन्समोअर!" ओरडलं, आणि त्यांनी खरंच तेच गाणं पुन्हा वाजवलं.

दादा भिंतीला टेकून उभा होता, ऑफिसची बॅग पोटाशी धरून. पाचव्या गाण्यानंतर त्यांनी ग्रीन डेचं 'बास्केट केस' घेतलं. मी मागे वळून पाहिलं, तर बॅग काकूंच्या खुर्चीखाली आणि दादा माझ्या शेजारी. त्याला सगळे शब्द येत होते. एकही विसरला नव्हता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, डोळे मिटलेले, आणि तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मी गाणं म्हणायचं थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. पेन ड्राइव्ह देणारा तो हाच होता, मधली बारा वर्षं कुठेतरी गेला होता.

शेवटी गायकाने सांगितलं की हा शेवटचा कार्यक्रम असेल असं ठरवूनच आले होते. मग त्याने बाकी तिघांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "डिसेंबरमध्ये एक प्रयत्न करू." काकूंनी कानातला कापूस काढला आणि मोठ्याने म्हणाल्या, "करा, पण लवकर सुरू करा."

केबल गुंडाळायला आम्ही सगळ्यांनीच मदत केली. ड्रमर घामाने निथळत होता, त्याच्याशी बोलायला म्हणून मी तीन वर्षं वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "छान वाजवता." तो म्हणाला, "थँक यू, जेवलीस का?" आईवर गेलाय. तोवर काकूंनी पिशवीतला स्टीलचा डबा माझ्या हातात दिलाच होता, थालीपीठं आणि लसणाची चटणी, उद्याच्या गाडीसाठी. त्याच्यासाठी आणला होता तो.

दादरला गाडी बदलून डोंबिवलीला पोचेपर्यंत दादा फार बोलला नाही. घरी आल्यावर माळ्यावरून एक धूळ बसलेली लांबट पेटी काढली. गिटार विकली नव्हती. मामी झोपेतून उठून म्हणाली, "आत्ता? रात्री दीड वाजता?" तारा गंजल्या होत्या, वाजवता आली नाही. गेल्या आठवड्यात त्याने नव्या तारांचा फोटो पाठवला, त्यात मुलीचा हातही आहे, एक तार ओढणारा.

काकूंचा डबा आमच्या मुरलीपुऱ्याच्या स्वयंपाकघरात, फळीवर आहे. मी धुऊन पुसून परत न्यायला काढून ठेवला होता, आईने पाहिलं. "रिकामा नेणार?" ती म्हणाली. डिसेंबरपर्यंत जयपुरात ताजी गजक मिळायला लागते. बाबांनी डब्यात मावेल किती याचा अंदाज घेतला आणि म्हणाले, अर्धा किलो बसेल.