हवा फुकट नसते

नागपूरजवळच्या हिंगणा एम.आय.डी.सी.तील एका लहान कारखान्यात मी फिटर आहे. कारखान्यात कोणी घड्याळ घेऊन शिरले की आम्हा कामगारांच्या पोटात गोळा येतो. एका नगाला किती मिनिटे लागतात हे मोजले गेले की पुढे नग वाढतात, नाहीतर माणसे कमी होतात, हा आमचा अनुभव. म्हणून गेल्या वर्षी अभियांत्रिकीचे चार विद्यार्थी घड्याळ आणि वही घेऊन प्रकल्पासाठी आले, तेव्हा जेवणाच्या सुटीत त्यांच्याशी कोणी बोलेना.

त्यांत एक मुलगी आमच्याच वस्तीतली. वडील हमाली करतात. ती सरळ माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, आम्ही तुमचा वेळ मोजत नाही, कॉम्प्रेसरचा मोजतो."

पाळी सुटल्यावर त्यांनी सगळी यंत्रे बंद करवली, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवला. हवा कोणीच वापरत नसेल, तर टाकी एकदा भरल्यावर त्याने पुन्हा हवा भरायचे कारण नाही. पण तो दोन मिनिटे भरायचा, सहा मिनिटे थांबायचा, पुन्हा भरायचा. आठ मिनिटांत दोन मिनिटे, म्हणजे कॉम्प्रेसरच्या ताकदीचा चौथा हिस्सा गळतीत जात होता. इतका साधा हिशेब, पण इतकी वर्षे कोणी केला नव्हता.

गळती शोधायला साबणाचे पाणी लावायचे, हे मुलांच्या पुस्तकात होते. ते कुठे लावायचे, हे आमच्या कानांना ठाऊक होते. रात्रपाळीच्या हेल्परने अंधारात सुस्कारा ऐकून ठेवलेले जोड एकामागून एक दाखवले. कुठे वायसर बदलला, कुठे नळीला नवी क्लिप बसवली. हवेचा दाब गरजेपेक्षा एक बारने जास्त होता, तोही उतरवला. एवढ्यानेच कॉम्प्रेसरची वीज शेकडा सहा-सातने कमी लागते, असे मुलांनी समजावले.

मालकाला बिल दिसले. त्या मुलीने आम्हाला दुसरे काही दाखवले. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बरीचशी वीज कोळशाची. तो कोळसा जळतो त्यातले एक ठिकाण, कोराडी, आमच्या नागपूरला लागूनच आहे. जुलै २०२२ मध्ये तिथल्या वीज केंद्राचा राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतात पसरले. आमच्या नळीतून सुटणारी हवा आणि कुणाच्या शेतात साचलेली राख यांचे नाते मला त्या दिवशी उमगले.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू केले. महाविद्यालयांनी आपल्या भागातील प्रश्नांवर काम करावे, हाच त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण बचत कोणाची, हा प्रश्नही त्यात आला पाहिजे. वाचलेल्या पैशातून ग्राइंडिंगजवळ धूळ ओढणारा पंखा बसवावा, असे आम्ही सुचवले. मुलांनी ते अहवालात लिहिले, हेल्परचे नावही लिहिले. पंखा अजून बसलेला नाही. आम्ही विचारत आहोत. वीज वाचली आणि कामगाराची छाती धुळीने भरतच राहिली, तर त्याला शाश्वत विकास कसे म्हणायचे?

बंधुभगिनींनो, आपली मुले आता मोठ्या संख्येने अभियांत्रिकी शिकत आहेत. कारखान्यात प्रकल्पाला जाताना त्यांना एवढे जरूर सांगा: आधी यंत्रावरच्या माणसाला भेटा. काय मोजणार आणि कशासाठी, ते त्याला सांगा. त्याच्याकडून शिकाल ते त्याच्या नावानिशी लिहा. आणि बचतीचा हिशेब मांडताना त्यात त्याचाही रकाना ठेवा.