रिकाम्या रॅकचा हिशेब

औषधधोरण शिकवते म्हटलं की लोक हमखास विचारतात, औषधं इतकी महाग का? याचं उत्तर वर्गात देणं त्यामानाने सोपं. १९९५च्या किंमत नियंत्रण आदेशात उत्पादनखर्च धरून कमाल किंमत ठरायची. २०१३च्या आदेशाने अत्यावश्यक यादीतल्या औषधांसाठी ती बाजारावर सोपवली: एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी, वर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के. महागडे ब्रँडच सरासरी वर ओढणार असतील तर नियंत्रण कसलं, हे विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात येतं. या विषयावर शोधनिबंधही भराभर निघतात, कारण बाजाराची आकडेवारी विकत मिळते.

सरकारी केंद्रात औषध संपून रिकाम्या झालेल्या रॅकची आकडेवारी मात्र कुणी विकत नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकाऱ्याशेजारी बसून, साठा नोंदवहीतून उतरवून घ्यावी लागते. (पदोन्नतीच्या समितीला या बसण्याचे गुण देता येत नाहीत, ते असो.) आमच्या विद्येचा कस मात्र तिथेच लागतो.

शिल्लक शून्य म्हणजे औषध संपलं, हे कुणीही वाचेल. पण मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची शिल्लक महिनोन्‌महिने दोनशे गोळ्यांवर अडून बसलेली दिसली, की थांबून विचारायचं. त्या गोळ्यांची मुदत उलटलेली असते, नाहीतर कुणा अडलेल्यासाठी राखून ठेवलेल्या असतात. कधी शिल्लक असतेही, पण पुरवून पुरवून वापरायची म्हणून महिन्याऐवजी पाच दिवसांच्याच गोळ्या दिल्या जातात. आमच्या तक्त्यात अशा केंद्रासमोर ‘औषध उपलब्ध’ अशी खूण पडते.

खरी गोम मागणीपत्रकात आहे. पुढच्या वर्षीची मागणी गेल्या वर्षीच्या खपावरून ठरते. महिन्याला हजार गोळ्या लागतात आणि चार महिने रॅक रिकामा होता, तर खप भरतो आठ हजार. गरज बारा हजारांची. पत्रकात आठ हजारच चढतात. यंदाचा तुटवडा असा सही-शिक्क्यानिशी पुढच्या वर्षात जातो. खपाला बाराने न भागता औषध हजर होतं तेवढ्याच महिन्यांनी भागायचं आणि मग बाराने गुणायचं, एवढाच उपाय. त्याला ना नवा कायदा लागतो, ना निधी.

तमिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळाचं १९९५पासूनचं काम सगळे नावाजतात ते निविदांतल्या स्वस्त दरांसाठी. मला त्यांचं पासबुक जास्त मोलाचं वाटतं. केंद्राच्या नावावर रक्कम असते आणि त्या मर्यादेत ते जिल्ह्याच्या गोदामातून आपल्याला लागेल ते उचलतं. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१७मध्ये सरकारी औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे गेली, २०२३मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदी कुणी करायची यावर आपण जितका खल केला, तितका मागणी कशी मोजायची यावर केला नाही.

प्रबंधाला विषय शोधणाऱ्यांनो, किमतींवर जरूर लिहा. पण आधी एका केंद्रातल्या एका औषधाची वर्षभराची नोंदवही हाताने उतरवून काढा. आणि साठा नव्हता त्या दिवशी ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी किती जणांना दिली, हे तोंडी विचारा. साठा नोंदवहीत त्याला रकाना नाही.