काळी स्क्रीन आणि वाड्यातला नळ

आपल्या पिढीचं सगळं कसं एका क्लिकवर! पिझ्झा क्लिकवर, रिक्षा क्लिकवर, लग्नाचं स्थळसुद्धा क्लिकवर. अशा माणसाला कुणी सांगितलं, की बाबा रे, या मशीनवर माऊसचं काम नाही, आयकॉन नाहीत, आहे ती फक्त एक काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर... तर काय होईल? जाम टेन्शन येईल. रिसर्चमध्ये पाऊल टाकणाऱ्या बहुतेकांना ते येतंच.

मी प्रोटीनच्या रेणूंची सिम्युलेशन्स करते. लॅपटॉपवर करायला बसले तर एकेक काम महिनोन् महिने चालेल. म्हणून मग क्लस्टर. म्हणजे एकमेकांना जोडलेले खूप सारे कॉम्प्युटर, आणि ते वापरणारे आम्ही शे-दीडशे जण. फिजिक्सवाले, केमिस्ट्रीवाले, जीनोमवाले, सगळे एकाच छपराखाली. थोडक्यात काय, तर पुण्यातला जुना वाडा! खोली ज्याची त्याची, पण अंगण एक आणि नळही सगळ्यांना मिळून.

या वाड्यात वावरायला लागतात सात-आठ शब्द. पहिला, पीडब्ल्यूडी. नाही हो, सार्वजनिक बांधकाम खातं नाही! ‘मी आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभी आहे?’ या प्रश्नाचं उत्तर देणारी ही कमांड. ‘एलएस’ म्हटलं की समोर काय काय ठेवलंय ते दिसतं. ‘सीडी’ म्हणजे या खोलीतून त्या खोलीत. ‘सीपी’ने कॉपी, ‘एमव्ही’ने हलवाहलव. ‘सीएचमॉड’ म्हणजे आपल्या खोलीची कडी, आत कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही ते ठरवणारी. आणि काही अडलंच तर ‘मॅन’. हा कुणी पुरुष नव्हे, मॅन्युअल!

सगळी नावं इतकी तुटक का, असं मलाही वाटायचं. त्याचं कारण मजेशीर आहे. युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यामागची मोठी नावं. तेव्हा समोर स्क्रीन नसायची, टेलिटाइप नावाचं खडखडणारं यंत्र असायचं. सेकंदाला फार तर दहा अक्षरं छापणार! मग लांबलचक शब्द कोण टाइप करत बसणार? आणि हे सगळं जुनंपुराणं म्हणून हसू नका. जगातल्या सर्वांत ताकदवान ५०० कॉम्प्युटर्सची यादी निघते ना, त्यातले सगळेच्या सगळे २०१७ पासून युनिक्सच्या वळणावर गेलेल्या लिनक्सवर चालतात. आपल्या पुण्यात सीडॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, तेव्हापासून या शहराचंही या दुनियेशी नातं आहेच.

आता जरा जपून वापरायचा शब्द, ‘आरएम’. पुसून टाक. इथे रीसायकल बिन नाही, ‘नक्की ना?’ असं विचारणारी खिडकी बहुतेक वेळा नाही. सांगितलं की गेलं. आमच्याकडे नव्या मुलांना एक साधा फंडा शिकवतात. जे पुसायचंय त्याच नावाने आधी ‘एलएस’ करा. यादीत काय येतं ते डोळ्यांनी वाचा, मगच ‘आरएम’. पाच सेकंदांचं काम, पण एखाद्याची दोन वर्षं वाचतात.

खरी गंमत मात्र ‘टॉप’मध्ये आहे. कुणाचा प्रोग्रॅम मशीनला किती राबवतोय, हे ही कमांड नावानिशी दाखवते. आपण लॉगिन करतो तो लॉगिन नोड म्हणजे वाड्याचं अंगण. तिथे फायली लावायच्या, छोटीमोठी तयारी करायची. मोठी कामं रांगेत टाकायची. पाळी आली की ती आतल्या कॉम्प्युट नोड्सवर चालतात. अंगणातच कुणी धुण्याचा ढीग घेऊन बसला, तर बाकीच्यांनी जायचं कुठून?

एका संध्याकाळी नेमकं तेच झालं. एक अक्षर टाइप केलं की उमटायला पाच-सहा सेकंद. माझ्या शेजारच्या पहिल्या वर्षाच्या मुलीने ‘टॉप’ केलं आणि तिचा चेहराच उतरला. सर्वांत वर नाव होतं एका ज्येष्ठ प्राध्यापकांचं.

‘‘ताई, आता? मी सरांना कसं सांगू?’’

‘‘जसं मला सांगितलं असतंस तसंच सांग.’’

ती गेली. दारात उभी राहून म्हणाली, ‘‘सर, तुमचं काम लॉगिन नोडवर चालू आहे. मी रांगेत टाकून देऊ का?’’ सर क्षणभर गप्प. मग खुर्ची सरकवत म्हणाले, ‘‘टाकून नको देऊस. कसं टाकायचं ते शिकव.’’ अर्धा तास ती सांगत होती आणि सर वहीत लिहून घेत होते. लातूरहून आलेली, स्वतःचा लॅपटॉपही इथे येऊन घेतलेली मुलगी. त्या दिवसानंतर काळ्या स्क्रीनची भीती वाटते, असं तिच्या तोंडून मी ऐकलं नाही.

मला हा वाडा आवडतो तो यासाठी. इथल्या रांगेला डिग्री कळत नाही, कळतो तो हिशेब. गेल्या काही दिवसांत तुमच्या ग्रुपने भरपूर वापर केला असेल तर तुमची पाळी थोडी मागे. ज्याने कमी वापरलंय तो पुढे. ‘फेअरशेअर’ म्हणतात याला. पण नियम सगळं सांभाळू शकत नाहीत. चार तासांच्या कामाला चार दिवस मागून ठेवायचे की नाही, जुन्या फायलींनी डिस्क भरून ठेवायची की नाही, हे शेवटी ज्याचं त्यानेच ठरवायचं. रांगेत पुढे कुणीतरी आपल्यासारखंच थीसिसची तारीख मोजत बसलंय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ!

‘एसक्यू’ म्हणून आणखी एक शब्द आहे... म्हणजे ‘क्यू’च्या आधी ‘एस’ जोडलेला. रांग दाखवणारा. नाव तिकडे थांबलेलं असलं की शेजारी ‘पीडी’, चालू झालं की ‘आर’. गेल्या महिन्यात त्या मुलीचं पहिलं मोठं काम दोन दिवस ‘पीडी’वर अडकलं होतं. चिडचिड नाही, कुणाचा वशिला नाही. रात्री अडीचला माझा फोन वाजला. मेसेजमध्ये एकच अक्षर होतं.

‘आर’.